आमच्या शिवेवर खदान सरकतेय : ग्रामपंचायतीच्या ठरावात काय लिहावं?

कापूसवेचणी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते. आजचं काम वेगळं आहे आणि घाईचं आहे.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कंपनीचंही नाही, नाहीतर धागा भलतीकडेच पळेल. गावापासून दीडेक किलोमीटरवर कोळशाची जुनी उघडी खदान आहे (खाण हा शब्द आमच्याकडे पेपरात असतो, तोंडात खदानच). सरकारी कंपनीची आहे. आता तिचा विस्तार होतोय आणि नव्या नकाशात तिची हद्द शाळेच्या मागच्या भिंतीपासून चारशे मीटरवर येते. जनसुनावणीची नोटीस पंचायतीच्या फळ्यावर लागली आहे. त्याआधी ग्रामसभा घेऊन ठराव करायचा आहे. मसुदा माझ्या गळ्यात पडला, कारण सरपंच म्हणाले, "बाई, तुम्ही नेटवर लिवता न."

ग्रामसेवकांनी नमुना म्हणून मागच्या वेळचा ठराव काढून दिला. एकच वाक्य होतं : "सदर प्रकल्पास ग्रामपंचायतीचा विरोध नाही, मात्र गावाच्या अडचणी सोडविण्यात याव्यात." सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. त्या "अडचणी" म्हणजे काय, ते कुठेच नाही. त्यामुळे एकही सुटली नाही, आणि सोडवली नाही म्हणून कोणाला धरावं म्हटलं तर कागदावर धरायला काही नाही.

अडचणी मी सांगते. दुपारी दोनच्या सुमाराला भोंगा होतो, मग ब्लास्टिंग. चौथीच्या बाई तेवढा वेळ शिकवणं थांबवतात, पोरं बाकाला धरून बसतात आणि झालं की हसतात. शाळेच्या मागच्या भिंतीला तडा आहे. आमच्या शिपायाला मी मागच्या दिवाळीपासून एक काम लावलंय : तड्याचं टोक जिथे असेल तिथे पेन्सिलीने रेघ मारायची आणि तारीख टाकायची. आज तिथे सात तारखा आहेत, एकाखाली एक.

कापूस वेचून घरी आणला की हात काळे होतात. व्यापारी मूठभर बोंडं उचलतो, फुंकर मारतो आणि काही न बोलता भाव पाडतो. रस्त्याकडच्या विहिरी मार्चातच तळ दाखवतात. नाल्याच्या वरच्या अंगाला खदानीच्या मातीचे ढिगारे आहेत (ओबी म्हणतात त्याला). पावसाळ्यात ती माती नाल्यात उतरते आणि नाला शेतात.

आणि खरी गोची ही आहे की गाव एक नाही. माझ्या दिराचं वावर नव्या हद्दीच्या आत आहे, आमचं बाहेर. मधे एक धुरा (बांध). धुऱ्याच्या पलीकडे मोबदला आणि नोकरी, अलीकडे धूळ. खदानीचं कार्यालय आणि कॉलनी शेजारच्या गावाच्या हद्दीत, म्हणून घरपट्टीही त्यांना. आमच्या वाट्याला ढिगाऱ्याची मागची बाजू.

तर सांगा, ठरावात काय लिहू?

सह्याद्री_भटक्या

काय लिहायचं म्हणजे? सरळ विरोध लिहा! ताडोब्याजवळच्या लोहाऱ्याची खाण २००९ मध्ये लोकांनी हाणून पाडली होती. बंदर नावाचा कोळसापट्टा २०२० मध्ये लिलावातून वगळायला लावला. तुमच्याच जिल्ह्यातली उदाहरणं आहेत.

घुग्गुसकर

भटक्यादादा, त्या दोन्ही ठिकाणी वाघ होता. ताईंच्या गावात नुसती माणसं आहेत.

कायमचा_वाचक

वरच्या प्रतिसादाला +१. वाखुसा (वाचनखूण साठवली).

माजी_ओव्हरमन

एकतीस वर्षं खदानीत काढली. आधी मायनिंग सरदार, मग ओव्हरमन, म्हणजे पाळीतल्या कामावर देखरेख करणारा. दोन्ही बाजूंची भाषा कळते म्हणून लिहितो.

ताई, "घरांना तडे जातात" एवढंच लिहू नका. त्याचं उत्तर छापून तयार असतं : "कंपने मर्यादेत आहेत." मर्यादा काय, ते तुम्हीच आधी लिहा. खाण सुरक्षा महासंचालनालयाचं १९९७ चं परिपत्रक आहे. कंपनीच्या मालकीची नसलेली साधी घरं असतील, तर कंपनाची वारंवारिता ८ हर्ट्झच्या खाली असताना जमीन सेकंदाला ५ मिलिमीटरपेक्षा जास्त वेगाने हलता कामा नये. ८ ते २५ हर्ट्झला १०, त्याच्या वर १५. म्हणजे हेलकावा जितका मंद, तितकी मर्यादा कडक. कारण भिंतींना मंद हेलकावाच जास्त बाधतो. "मर्यादेत" म्हणणाऱ्याला विचारा : कुठली मर्यादा, किती हर्ट्झला, आणि यंत्र कुठे ठेवलं होतं? मॅनेजर ऑफिसच्या अंगणातलं यंत्र तुमच्या शाळेचं काय सांगणार? ठरावात लिहा : यंत्र शाळेच्या पायाशी, ग्रामपंचायतीच्या माणसासमोर, आणि आकड्यांची प्रत दर महिन्याला पंचायतीला.

दुसरं, आणि हे मोठं आहे. २०१७ च्या कोळसा खाण विनियमांत ब्लास्टिंगचं धोक्याचं क्षेत्र ५०० मीटरचं आहे. तुमची शाळा ४०० वर. त्या टप्प्यात आल्यावर नेहमीसारखा बार उडवता येत नाही. वेगळी परवानगी, कमी दारू, वर जाळ्या-पोती टाकून झाकणं, असं सगळं आलं. हद्दीपासून शाळेपर्यंतचं अंतर तलाठ्याकडून मोजून घ्या आणि मीटरमध्ये लिहा. "गावाजवळ" लिहू नका. जवळ हा शब्द खदानीत चालत नाही.

पाण्याचं. आपल्या वर्धा खोऱ्यात कोळशाच्या वर कामठीचा वालुकाश्म आहे. पाणी धरून ठेवणारा दगड. त्यालाच खोदून खाली कोळशापर्यंत जातात. म्हणजे खदान ही शंभर विहिरींएवढी एक विहीर, आणि तिच्यावर पंप रात्रंदिवस. आजूबाजूचं पाणी तिकडे उतरणारच. तेच पाणी शुद्ध करून नागपूरजवळ पाटणसावंगीला "कोल नीर" म्हणून बाटलीत भरलं गेलं. आमचे लोक गमतीनं म्हणायचे, आपलीच विहीर आपल्याला झाकण लावून विकतात. ते असो. विस्तार सुरू व्हायच्या आधी, आत्ताच, गावातल्या प्रत्येक विहिरीची पातळी मोजून नोंदवहीत घ्या. नंतर मोजून उपयोग नाही. "आधीही इतकंच होतं" म्हणतील.

डंपर_४०

माफ करा, पण हे सगळं वाचून डोकं फिरलं. मी प्रकल्पग्रस्त. बापाची साडेतीन एकर कोरडवाहू होती, चुलत्याची अर्धा एकर जोडली, चार एकर झाले. दोन एकरामागे एक नोकरी या हिशेबाने दोन घरांत दोन नोकऱ्या आल्या. आज माझी पोरगी नागपुरात शिकते. बापाने कापसात आयुष्य काढलं आणि मरताना सोसायटीचं कर्ज ठेवून गेला. खदान नको म्हणणारे एकतर पुण्याचे असतात नाहीतर पेन्शनवाले. गावात जाऊन विचारा, पोरं यादीत नाव कधी लागते याची वाट पाहून राहिले.

कापूसवेचणी

डंपरभाऊ, तुमचं खोटं नाही. माझा पुतण्या तीन वर्षांपासून त्याच यादीची वाट पाहतोय, त्याचं लग्न त्यावर अडलंय. दिरांना मी कुठल्या तोंडाने "विरोध करा" म्हणू? म्हणूनच ठराव विरोधाचा नाही. ज्याची जमीन गेली, त्याला काही तरी मिळालं. ज्याची गेली नाही आणि जो धुऱ्याच्या अलीकडे राहिला, त्याला प्रकल्पग्रस्तही म्हणत नाहीत. माझं वावर सातबाऱ्यावर शाबूत आहे. विकायला काढलं तर गिऱ्हाईक नाही.

डंपर_४०

हे मान्य. आमच्याही गावात तसंच झालं. गावठाण राहिलं, शेतं गेली. आता गावाच्या तिन्ही बाजूंनी डम्प, मातीचे ढिगारे. हौद झालाय गावाचा.

खटलेवाला

थोडं कायद्याचं. निराशाजनक भाग आधी.

सरकारी कोळसा कंपनीसाठी जमीन बहुतेक वेळा १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याने घेतात. कलम ४ ची अधिसूचना म्हणजे तपासणी, ७ म्हणजे घ्यायचा इरादा, ९ म्हणजे घेतली. कलम ७ नंतर ३० दिवसांत हितसंबंधित माणूस हरकत घेऊ शकतो, पण ग्रामसभेच्या संमतीची अट त्या कायद्यात नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातल्या मोबदल्याच्या तरतुदी १ सप्टेंबर २०१५ पासून याला लागू झाल्या. मोबदला वाढला, संमती आली नाही. वनजमीन जाणार असेल तर वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेचं म्हणणं लागतं, तेवढं नकाशात तपासा.

म्हणून पंचायतीच्या हातात खरी जागा एकच : पर्यावरण मंजुरीची जनसुनावणी. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे ती जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे होते. गणसंख्येची अट नाही, पाच माणसं आली तरी झाली असं धरतात. पण संपूर्ण चित्रीकरण करावं लागतं, आणि शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत सगळ्यांपुढे वाचून दाखवावं लागतं. लोक नेमके इथेच चुकतात. भाषणं झाली, टाळ्या झाल्या की घरी जातात. वाचन ऐकल्याशिवाय मांडव सोडू नका, आणि तुमचा मुद्दा गाळला असेल तर तिथेच उभं राहून सांगा. ठरावाची प्रत प्रदूषण मंडळाला लेखी वेगळी द्या, पोच घ्या.

आणि एक सोपं काम. पर्यावरण मंजुरीच्या पत्राची प्रत पंचायतीला देण्याची अट सहसा पत्रातच असते. जुन्या खदानीचं पत्र तुमच्या कपाटात असायला हवं. शोधा.

पेठेतला_विदर्भी

जनसुनावणी म्हणजे नाटक असं समजणाऱ्यांसाठी. महाजेनकोला (आपली सरकारी वीजनिर्मिती कंपनी) छत्तीसगडमध्ये रायगड जिल्ह्यात गारे पेलमा सेक्टर २ ही खाण मिळाली आहे. १४ गावं आहेत त्यात. कोळसा आपल्याच चंद्रपूर, कोराडी, परळीच्या केंद्रांसाठी. तिथली मंजुरी राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२४ मध्ये रद्द केली होती आणि जनसुनावणीतली खोट हे त्यातलं मोठं कारण होतं. पुढे त्याच वर्षी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पुन्हा मंजुरी दिली, ते वेगळं. पण कागदातल्या खोटीला किंमत असते एवढं कळतं.

बाकी मी पुण्यात बसून एसी लावून हे टंकतोय, तेव्हा डंपरदादांचा टोमणा स्वीकारला आहे.

घुग्गुसकर

ताई, एक विचारायचं राहिलं. गावाखाली किंवा शेजारी जुनी भूमिगत खदान आहे का? आमच्या घुग्गुसला २६ ऑगस्ट २०२२ ला अमराई वॉर्डातलं एक घर बघता बघता जमिनीत गेलं. कोसळलं नाही, *गेलं*. वर नुसता खड्डा. घरातले लोक आवाज ऐकून बाहेर पडले म्हणून वाचले. खाली जुन्या काळची भूमिगत खदान होती. मग आजूबाजूची घरं रिकामी करायची धावपळ. लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहत होते. जुनी खदान कुठून कुठे गेली, कोळसा काढल्यावर आत वाळू भरली की तशीच सोडली, ते नकाशे कंपनीकडे असतात. ठरावात ते नकाशे मागा.

बजेटकाका

पैशाचंही लिहा, लाजू नका. जिल्हा खनिज प्रतिष्ठान नावाची गोष्ट २०१५ पासून आहे. १२ जानेवारी २०१५ च्या आधीचा खाणपट्टा असेल तर स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) ३० टक्के, नंतरचा असेल तर १० टक्के इतकी रक्कम कंपनी वेगळी भरते. कोळशाचं स्वामित्वधन किमतीच्या १४ टक्के आहे. हिशेब करा, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात आकडा लहान नसतो. तो पैसा खाणबाधित गावांसाठी आहे, पिण्याचं पाणी, आरोग्य, पर्यावरण आधी. पण मागणी गावातून जावी लागते. तुम्ही मागितलं नाही तर कोणीतरी तुमच्या वतीने प्रवेशद्वाराची कमान मागून मोकळा होतो.

हंटरकर

ऑस्ट्रेलियातून. इथे न्यू साउथ वेल्समध्ये हंटर खोऱ्यात सिंगलटन आणि मसलब्रुक ही गावं खाणींनी वेढलेली आहेत. इथल्या नगर परिषदांची कुचंबणा अगदी तुमच्यासारखी : रोजगार खाणीत, धूळ घरात. एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. हवा मोजणारी १४ केंद्रं आहेत. खर्च खाण आणि वीज कंपन्यांचा, पण चालवतं सरकार, आणि आकडे तासातासाला कुणालाही नेटवर दिसतात. पैसा त्यांचा, यंत्राची किल्ली त्यांच्याकडे नाही. तसंच २०१९ मध्ये ग्लॉस्टरजवळची रॉकी हिल खाण इथल्या न्यायालयाने नाकारली. कारणांत हवामानबदलाबरोबर गावाच्या जगण्यावर होणारा परिणामही होता.

डंपर_४०

तिकडे खदानीजवळ माणसं तरी किती राहतात हो? पण किल्ली आपल्याकडे, हे आवडलं.

सह्याद्री_भटक्या

मी पहिल्या प्रतिसादात जरा जास्तच बोललो. २००९ च्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर देशात चौथं होतं, ८३.८८ गुण. त्यानंतर नव्या उद्योगांवर काही काळ बंदी होती. हे ठरावात घालता येईल का?

खटलेवाला

प्रस्तावनेत एक ओळ, बस. तो जिल्ह्याच्या ठिकाणचा आकडा आहे. अधिकाऱ्याला गावाचा आकडा द्या. सात तारखांच्या पेन्सिलीच्या रेघा जास्त कामाच्या.

कापूसवेचणी

कपाट उघडलं! पोलिओच्या पोस्टरांच्या गठ्ठ्याखाली जुन्या मंजुरीचं पत्र सापडलं. इंग्रजीत, अकरा पानी, उधईने एक कोपरा खाल्लेला. कोणी उघडलंच नव्हतं, स्टेपलची पिन गंजून कागदाला चिकटली होती. भाच्याला बसवून रात्री वाचलं. ढिगाऱ्याभोवती चर काढायचा, गाळ बसायला टाकी बांधायची, मगच पाणी नाल्यात सोडायचं. रस्त्यावर पाणी मारायचं. विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजायची. गावाच्या बाजूला झाडांचा पट्टा लावायचा. दर सहा महिन्यांनी अहवाल द्यायचा.

सगळं लिहिलेलं होतं. आम्ही इतकी वर्षं जे हात जोडून मागत होतो, ते त्यांना आधीच बंधनकारक होतं.

सकाळी शिपायाला घेऊन ढिगाऱ्याकडे गेले. चर आहे. म्हणजे होता. मातीने भरून त्यावर बोरीची झुडपं आली आहेत. टाकी सापडली नाही. फोटो काढले.

माजी_ओव्हरमन

फोटोत माणूस उभा करा. मापाला आणि पुराव्यालाही.

बजेटकाका

आता ठराव सोपा झाला. पहिलं कलम : जुन्या अटी पाळल्याचं दाखवा, मग विस्ताराचं बोला.

कापूसवेचणी

ग्रामसभा झाली. पहिल्या दिवशी गणसंख्या भरली नाही, तहकूब. दुसऱ्यांदा मात्र चावडीत जागा उरली नाही. दीर येणार नाहीत असं वाटलं होतं, ते आले आणि मागे खांबाला टेकून उभे राहिले. मी मसुदा वाचला. "विरोध नाही" हे वाक्य नाही आणि "विरोध आहे" हेही नाही. अंतर मीटरमध्ये आहे, ३९२. विहिरी ४१, प्रत्येकीची पातळी घरमालकाच्या सहीने. ब्लास्टिंगच्या यंत्राची आणि हवेच्या यंत्राची जागा शाळा, आकडे पंचायतीच्या फळ्यावर. जुन्या मंजुरीतल्या अटी एकेक करून आणि प्रत्येकीपुढे आमचा फोटो. जुन्या भूमिगत खदानीचे नकाशे. आणि शेवटी सगळ्यात मोठी मागणी : हद्द ५०० मीटरच्या आत येत असेल, तर गावठाणासकट आम्हाला प्रकल्पग्रस्त धरा. अर्धं गाव घेऊ नका.

यावर गलका झाला. दोघा-तिघांना वाटलं आता यादी अडकणार, नोकऱ्या जाणार. तेव्हा दीर मागून बोलले, "अडकू दे वर्षभर. नोकरी लागल्यावर राहायचं कोठी आहे मले? इथंच न?" मग सूचक म्हणून त्यांनीच नाव दिलं. माझ्या जावेने घरी त्यांना काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

सुनावणी मंगळवारी अकराला. मांडव खदानीच्या मैदानात आहे. इतिवृत्त वाचेपर्यंत थांबायचं म्हणून घरोघरी सांगून झालंय. शेवटची एसटी साडेपाचला जाते, म्हणून दोन ट्रॅक्टर ठेवलेत. बायका भाकरी बांधून घेतायत.

डंपर_४०

ताई, मंगळवारी माझी पहिली पाळी आहे, दोनला सुटतो. येतो. बोलणार नाही, पण मागे उभा राहीन.

माजी_ओव्हरमन

उन्हाची टोपी आणि बॅटरी दोन्ही घ्या. अशा ठिकाणी पाच वाजले की मांडववाला आधी लायटी उतरवतो, मग माईक.